सूचना : वाचनपेट्या पुन्हा शाळांत पाठवण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन आहे. त्याआधी मालवण-वेंगुर्ल्याकडच्या पेट्या उघडून पाहा.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या पुस्तकांना बुरशी धरते. ती दारापाशी, मुलांपासून लांब, नाकाला रुमाल बांधून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावलंत तर डाग पानात मुरतो. पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर, पानं पंख्यासारखी उघडून उभी ठेवा. कडक उन्हात कागद पिवळा पडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, तिचा चिकटा पुढच्या पानाला धरतो. पातळ कागदाची पट्टी आणि खळ पुरते.

पुस्तक मुलालाच निवडू द्या. एका पानावर पाचेक शब्द अडले तर ते एकट्याने वाचायला जड. ते तुम्ही वाचून दाखवा. पहिली-दुसरीला रोज १० मिनिटं पुरेत. चित्र मुलांकडे करा, ओळीखालून बोट फिरवा. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला ‘मुलगी’ म्हणजे ‘चेडू’ असं सांगायला कचरू नका, आणि त्याने गोष्ट मालवणीत सांगितली तर मध्येच सुधारू नका.

गोष्ट संपताच ‘तात्पर्य काय?’ कृपया विचारू नका. तिथे गोष्टीचा धडा होतो आणि मूल पुढचं पुस्तक उचलत नाही. फाटलं-हरवलं तरी दंड नको. दंडाच्या धाकाने पालक पुस्तक घरीच नेऊ देत नाहीत.

नोंदवहीत मुलाचं नाव त्याच्याच हाताने लिहून घ्या.