अण्णा, तुम्ही पंप बदलला नाहीत त्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून तुमच्यासारख्या मिस्त्रीने माझी व्हॅन कशी दुरुस्त केली, हे चार लोकांसमोर लिहितोय.

जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे मे महिना म्हणजे सोलापुरातल्या आम्हा युनिफॉर्मवाल्यांची सुगी. बार्शी-पंढरपूरच्या दुकानदारांचे गठ्ठे बांधून तयार होते आणि व्हॅन दारात उभी. चावी मारली की लगेच लागायची, दोनेक सेकंद चालायची आणि गप्प. एका गॅरेजवाल्याने बघताक्षणी पेट्रोल पंप बदलायला सांगितला, दुसरा म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. उन्हामुळे होतंय, असं सांगणारे तर गल्लीभर होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "पहाटे गार असताना पण बंद पडते का ओ?" पडत होती. उन्हाचा विषय तिथेच मिटला.

आधी तुम्ही मीटरमधला चावीचा दिवा बघितलात. इमोबिलायझरला, म्हणजे चोरीपासून गाडी वाचवणाऱ्या कुलपाला, चावी ओळखता आली नाही तरी इंजिन असंच क्षणभर लागून बंद पडतं, पण मग तो दिवा लुकलुकत राहतो. आमचा नीट विझला. मग पोराला चावी मारायला लावून, इंजिन मरायला लागलं तसे तुम्ही हवेच्या पाइपातून कार्ब क्लीनरचे, म्हणजे पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या स्प्रेचे, बारीक फवारे सोडलेत. फवारा चालू तोवर इंजिन चालू, फवारा थांबला की बंद. म्हणजे स्पार्क ठीक, पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोलच्या लाइनीला प्रेशर मोजायचा गेज लावला तर चावी ऑन केल्यावर काटा ३ बारपर्यंत चढला आणि इंजिन लागताच घसरत गेला. चावी ऑन झाली की पंप थोडा वेळ फिरून लाइनीत प्रेशर भरून ठेवतो, त्या साठ्यावर इंजिन लागतं आणि मागून पेट्रोल पुरलं नाही की मरतं, हे तुम्ही तेलकट बोटाने फरशीवर रेघा ओढून मला समजावलंत.

इथवर आल्यावर बहुतेकांनी पंपच काढला असता. तुम्ही म्हणालात, "त्याला करंट पुरतोय का ते बघू की आधी." पंपाला करंट सोडणाऱ्या रिलेच्या जागी जंपर, म्हणजे जोडवायर, टाकलात, पंपाचा कनेक्टर सोडवून मल्टीमीटर लावलात. १२ व्होल्ट! मला वाटलं, झालं, पंपच गेला. पण तुम्ही त्याच कनेक्टरला हेडलाइटचा जुना बल्ब जोडलात आणि तो वात खाली केलेल्या कंदिलासारखा लाल, मलूल पेटला. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे खराब जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. लोड पडला की खरं कळतं. बल्ब तसाच पेटता ठेवून तुम्ही त्याच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलंत. अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको होता, तिथे ४ च्या वर आकडा. बॅटरीवरून थेट वायर आणून अर्थ दिलात तेव्हा बल्ब असा पेटला की पोरांनी डोळ्यांवर हात धरले.

टाकीशेजारचा अर्थिंगचा बोल्ट गंजून चेसिसला नुसता चिकटून होता. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केलात, वायरच्या टोकाला नवीन लग (धातूची कडी) दाबून बसवलात, वर ग्रीस. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. गठ्ठे त्याच संध्याकाळी बार्शीला गेले.

पंपाच्या पैशांत माझ्या दोन कारागिरांचा पगार निघतो, आणि पंप बदलूनही गाडी तशीच बंद पडली असती. पार्ट बदलून बघण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, हे लक्षात घेणारे मिस्त्री फार थोडे. तुम्ही मजुरीशिवाय एक रुपया घेतला नाहीत. शिवाय दर पायरीला त्या शिकाऊ पोरांना जवळ बोलावून तेलुगूत विचारत होतात, आता काय दिसतंय, म्हणजे कुठली शक्यता बाद झाली. मला सगळं कळलं नाही, पण पोरं घाईने उत्तर देत नव्हती, आधी बघत होती. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

कपडे शिवणं एवढंच मला येतं. तुमच्यासाठी आणि पोरांसाठी निळ्या जाड कापडाचे बॉयलर सूट शिवायला घेतलेत. सोमवारी मापं घ्यायला माणूस पाठवतो. मीटर ठेवायला खिसा छातीवर हवा की मांडीवर, तेवढं त्याला सांगा.

तुमचा,
पूर्व भागातला युनिफॉर्मवाला