अणूचा धडा नुसता घोकून घेऊ नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आठवीला 'अणूचे अंतरंग' हा धडा आहे. मी इकडे चोपड्याला ट्यूशन घेते, पोरं येतात तीच सगळं पाठ करून, डाल्टन काय म्हणाला, थॉमसन काय म्हणाला, उत्तर तयार. पण आधीचं मॉडेल का सोडावं लागलं असं विचारलं की सगळे गप्प, आणि खरी गंमत तर तिथंच आहे ना!

डाल्टनचा न फुटणारा अणू जवळपास नव्वद वर्षं चालला, मग १८९७ ला थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि त्याने मांडलं की धन प्रभार अणूभर पसरलेला, त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले. १९०९ ला मँचेस्टरमध्ये रुदरफोर्डच्या लॅबमध्ये गायगर आणि विशीतला मार्सडेन अंधारात मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा धन प्रभाराचा कण) आदळला की बारीकशी चमक दिसायची, ती एकेक करून मोजायची. धातूच्या पातळ पत्र्यातून बहुतेक कण आरपार जायचे, पण प्लॅटिनमवरून साधारण ८००० मधला एक चक्क मागे फिरला. कापसाच्या ढिगावर गोटी मारली आणि ती उलटी आली तर आपण म्हणणारच ना की आत दगड आहे! त्यातून १९११ ला अणुकेंद्रक आलं, आणि थॉमसनचं मॉडेल पाडणारा रुदरफोर्ड त्याच्याच हाताखाली शिकलेला, हे पोरांना सांगितलं की डोळे मोठे होतात.

पुढे रुदरफोर्डच्या मॉडेलचंही अडलं, कारण केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रकात पडायला हवा होता, म्हणून १९१३ ला बोरने ठराविक कक्षा आणल्या, त्याही १९२६ नंतर टिकल्या नाहीत. न्यूट्रॉन तर १९३२ ला चॅडविकला सापडला.

काही पालक म्हणतात हे आपल्या कणादांनी आधीच सांगितलंय. कणादांचा विचार मोठाच, मलाही अभिमान आहे, पण केंद्रक सापडायला कुणीतरी अंधारात बसून मोजावंच लागलं.

मी पुठ्ठ्याखाली विटेचा तुकडा लपवते, पोरं चारी बाजूंनी गोट्या सोडतात आणि त्या कशा वळून येतात ते बघून आत काय आहे ते ओळखतात. खर्च शून्य, कुठल्याही झेडपीच्या शाळेत होईल. शिक्षकांनी हे जरूर करून बघावं, पेपरात 'हे मॉडेल का सोडलं' असा प्रश्न टाकावा, आणि तुमच्या विद्यार्थी पानावर दर आठवड्याला अशा एका प्रयोगाची हकीकत छापावी ही कळकळीची विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका, चोपडा, जि. जळगाव