थायरॉइड

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, 'शिरसाष्टांग नमस्कार' पूर्ण लिहिलं नाही म्हणून लाल पेन काढू नका. फोनवर हे बोलता येत नाही. दोन वाक्यं झाली की आई फोन तुमच्याकडे देते, आणि तुम्ही "बरं, जेवलास का?" म्हणता. म्हणून पत्र.

परवा आई म्हणाली, रविवारी कराडची मंडळी येणार आहेत. मुलगी बँकेत आहे, माणसं साधी आहेत, पत्रिका जुळते. सगळं ऐकलं. शेवटी आवाज खाली आणून तू म्हणालीस, "गोळ्यांचा विषय निघालाच तर थायरॉइड म्हण." आई, स्वयंपाकघरात तेव्हा तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी तू कुजबुजलीस. त्यावर मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण तुम्ही घाबराल. अकराला झोपलो, सात तास झोपलो. विचार सकाळी केला.

आठ वर्षं झाली या थायरॉइडला. माझ्या गोळ्या डाळीच्या डब्यांमागे, श्रीखंडाच्या जुन्या डब्यात. पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये म्हणून तू कात्रीने तेवढी कड कापून टाकतेस. नावाबरोबर मुदतीची तारीखही जाते. मागच्या दिवाळीत मी त्यातल्या दोन गोळ्या हातात धरून उभा होतो. या कधीच्या, मला सांगता येईना. शेजारी फडताळावर बाबांची बीपीची आणि स्टेंटनंतरची औषधं ऐटीत मांडलेली, कोणती सकाळची कोणती रात्रीची हे तुझ्या अक्षरात चिठ्ठी लावून.

मे महिन्यातलं एकदा नीट सांगतो, कारण तुम्ही अजून त्याला ऊन लागलं असंच म्हणता. पाण्याचा पिंप उचलताना माझी पाठ धरली. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "थायरॉइडचं." मी गप्प बसलो. तो गुन्हा माझाच. त्यांनी आयबुप्रोफेन दिली. थायरॉइडच्या माणसाला कुणीही दिली असती. पण मी लिथियमवर आहे, ते बायपोलरचं औषध. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि ही वेदनाशामकं ती वाट अडवतात. त्यात मे महिन्याचा घाम. त्यात बाबांच्या बीपीमुळे घरात सगळ्यांचंच मीठ कमी केलेलं. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियमही धरून ठेवतं. चौथ्या दिवशी माझा कप बशीवर वाजायला लागला, जीभ जड झाली, जुलाब सुरू झाले. पुण्यात रक्तातलं लिथियम तपासलं तर १.७. साधारण ०.६ ते १ च्या मध्ये असायला हवं, १.५ च्या वर विषबाधा धरतात. दोन दिवस सलाईनवर होतो. तुम्हाला "कामात आहे" असं सांगितलं. बघा, मीही तुमच्याकडूनच शिकलो.

गंमत म्हणजे लिथियमने थायरॉइड खरंच मंदावू शकतं, म्हणून माझं टीएसएच अधूनमधून तपासतात. सध्या ठीक आहे. म्हणजे आई, तुझं खोटं उद्या खरंही ठरेल.

तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मी विसरलेलो नाही. २०१७ मध्ये चार रात्री मी झोपलो नव्हतो, पहाटे तीनला गच्चीला रंग देत होतो, शाळेतल्या पोरांना फोन करून धोमला हॉटेल काढायचं म्हणत होतो. तुम्ही आधी मला गाणगापूरला नेलंत. त्यावरून ताई अजून तुम्हाला टोचते. मी नाही टोचत. झोप नाही, औषध नाही, वर प्रवास, त्याने आजार वाढला हे खरं. पण तिथली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आरतीच्या वेळी खांबाला धरून बायका घुमत होत्या, ओरडत होत्या, आणि त्यांचे नवरे, भाऊ शेजारी उभे होते. कुणी तोंड लपवत नव्हतं. आई, तूसुद्धा शेजारच्या सोलापूरच्या बाईला माझं सगळं सांगितलंस, चार रात्रींपासून गच्चीच्या रंगापर्यंत. मोठ्याने. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस.

नंतर पुण्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलंत, आजाराला नाव मिळालं, आणि तेव्हापासून घरात कुजबुज सुरू झाली. खूप दिवस मला हे कोडं सुटत नव्हतं. आता वाटतं, बाधा बाहेरची असते. लागते, उतरते, घराण्याला चिकटत नाही. बायपोलर म्हटलं की ते आतलं झालं, रक्तातलं झालं. मग प्रश्न माझ्या झोपेचा राहत नाही, खानदानाचा होतो.

आणि खानदान म्हटलं की आत्या. बाबा, तुम्हाला आवडणार नाही, पण लिहितो. परसातल्या खोलीत ती किती वर्षं होती? माझ्या आठवणीत तिचं वेगळं ताट आहे, कडेला पोचा आलेलं. पाहुणे आले की त्या खोलीला बाहेरून कडी. एकदा आजोबा चिडून म्हणाले होते, "हिला येरवड्यालाच धाडायला हवी होती." मी तिसरीत होतो, येरवडा म्हणजे मला फक्त तुरुंग माहीत, तिथलं मनोरुग्णालय नव्हे. मला वाटलं आत्याने चोरी केली. ताईच्या लग्नपत्रिकेत तुमच्या सगळ्या भावंडांची नावं होती, तिचं नव्हतं. तेव्हा ती जिवंत होती, बाबा. तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्हीच रोज तिच्या खोलीत पेपर वाचून दाखवायला बसायचात, हेही मी पाहिलंय. दार लावून घेऊन.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. तंबाखू सोडून बाकी व्यसनं धरून, प्रौढांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण वाईचं पाणी काही वेगळं नाही. आपल्या आळीत दीडशे तरी मोठी माणसं असतील. म्हणजे त्यातले पंधरा-सोळा जण. बहुतेक त्या सगळ्यांना 'थायरॉइड' असणार.

लोक म्हणतात, हे डायबेटिससारखंच आहे, लाजायचं काय त्यात. मी असं म्हणणार नाही. डायबेटिसवाला माणूस बापाच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकत नाही. मी फेकला होता. आईच्या पाटल्या मोडायला निघालो होतो. तुमची लाज हवेतून आलेली नाही, आळीने ती रात्र पाहिली आहे. पण पुढची आठ वर्षं आळीने पाहिलीच नाहीत, कारण आपण ती सांगितलीच नाहीत. १९ दिवस दवाखान्यात होतो ते आळीसाठी 'कंपनीने बंगळूरला पाठवलंय', आणि नंतरचे पाच महिने अंथरुणातून उठवत नव्हतं ते 'आळशी झालाय'. दर तीन महिन्यांनी रक्त देतो, रात्रपाळी घेत नाही, साहेबांना कारण सांगितलंय. साहेब म्हणाले, "माझा मेहुणा पण." एवढंच. मग उत्पादनाचे आकडे.

तर रविवारचं. मी त्यांना सांगणार आहे. पोह्यांच्या बशा खाली ठेवायच्या आत नव्हे, घाबरू नका. त्या मुलीशी आधी एकटा बोलेन. आजाराचं नाव सांगेन, २०१९ नंतर झटका आलेला नाही हे सांगेन, पुन्हा येऊ शकतो हेही सांगेन. मुलांचं विचारलं तर, आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याचा धोका साधारण दहात एक, असं माझे डॉक्टर सांगतात. लिथियमवर असलेल्या माणसाची गोळी लपवून संसार कसा करायचा, मला सुचत नाही. तिने प्रेमाने उपवासाचं अळणी वाढलं, तर? आणि बाबा, तुम्हाला कायदा आवडतो म्हणून: महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली ते लग्न रद्द होऊ शकतं. माझ्या विम्याच्या फॉर्मवर तुम्ही 'आजार: नाही' असं लिहिलंय, तेही बदलायचं आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला हवा. पण लपवलेल्या आजाराचे पैसे कोण देईल?

कराडचे नाही म्हणतील. बहुतेक म्हणतीलच. कराडचं वाईला कळायला दोन दिवस लागतात, हे मला माहीत आहे. मंडईत आईला कोण काय विचारेल, तेही माहीत आहे. ते तुम्हाला सोसावं लागेल आणि मी पुण्यात असेन, याचं मला वाईट वाटतं.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. जगन्नाथ वाणींनी काढलेली. धुळ्याकडचे, कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. बायकोला स्किझोफ्रेनिया होता, त्यांनी तो लपवला नाही. तिथे रुग्ण म्हणत नाहीत, 'शुभार्थी' म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. मला आधी जरा गोडगोड वाटलं. पण बाबा, तुम्ही मराठीचे मास्तर, तुम्हाला पटेल: आपल्या घरात दुसऱ्या माणसाला शब्दच नव्हता. आत्याला वेडी म्हणत, आणि दार लावून पेपर वाचणाऱ्याला काय म्हणायचं?

शनिवारी दुपारच्या एसटीने येतोय. श्रीखंडाचा डबा धुऊन ठेव, गोळ्या बाबांच्या औषधांशेजारी ठेवू. कडा कापू नकोस. चिठ्ठी तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. आणि आमटीत मीठ नेहमीसारखं घाल, बाबांची वाटी आधी काढून.

तुमचा,
बाळू