माझं आधार कार्ड मुद्देमालात पडलंय, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मला फोन आला. मानवी तस्करीतली पीडित म्हणून नुकसानभरपाईसाठी केलेला माझा अर्ज कागदपत्रं अपूर्ण असल्यामुळे निकाली काढला आहे. आधार नाही, म्हणून बँक खातं नाही, म्हणून भरपाई नाही.

माझं आधार कार्ड कुठे आहे ते सरकारला माहीत आहे. कामाला लावते म्हणून मला घेऊन गेलेल्या बाईने ते पहिल्याच दिवशी काढून घेतलं. छापा पडला तेव्हा ते तिच्या कपाटात सापडलं, पंचनाम्यात त्याची नोंद झाली, लाखेचं सील लागलं आणि ते मुद्देमालात गेलं. माझा मोबाईलही तिथेच पडलाय, त्यामुळे ओटीपीसुद्धा मला मिळत नाही. पोलीस म्हणतात, कोर्टाचा हुकूम आणा. कोर्टात सांगतात, वकिलामार्फत अर्ज करा. मोफत मिळालेले वकील मध्येच बदलले, नव्यांकडे कागदच पोचले नाहीत. आधार केंद्रात अंगठा देऊन काम झालं असतं, पण तेव्हा मी, छाप्यातून सोडवलेल्या बायकांना ठेवतात त्या वसतिगृहात होते. बाहेर जायला सोबत महिला पोलीस लागते आणि ती कधी मोकळी नसायची. बाहेर पडून मी धावपळ सुरू केली तोवर अर्ज बंद झाला.

यातलं प्रत्येक खातं आपल्यापुरतं नियमाने वागलं. म्हणूनच मला जास्त संताप येतो.

फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये मुद्देमालाचे फोटो, व्हिडिओ काढून वस्तू सोडण्याची तरतूद आहे. कलम 396 म्हणतं, भरपाईची चौकशी दोन महिन्यांत पुरी करा. हे मला कोणत्याही अधिकाऱ्याने सांगितलं नाही. एका कार्यकर्त्या ताईंनी वाचून दाखवलं.

आणि सुटका कशाला म्हणायची? 1956 च्या पिटा, म्हणजे देहविक्रीसाठी होणाऱ्या व्यापाराविरुद्धच्या कायद्याखाली छाप्यात सापडलेल्या बाईला एक ते तीन वर्षं वसतिगृहात ठेवता येतं. मला विकणारी जामिनावर बाहेर आली, तेव्हा मी आत होते. आईला फोन करायचा तरी परवानगी लागायची. रात्री दार बाहेरून बंद झालं की माझा श्वास अडकायचा, कारण त्या बाईकडेही दार बाहेरूनच बंद व्हायचं. समुपदेशक बाई चांगल्या होत्या, पण त्यांचं कंत्राट संपलं.

पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी, प्रोबेशन अधिकारी, वकील, सगळ्यांनी मला पहिल्यापासून सांगायला लावलं. तपासणीला नेलं तेव्हा माझा जबाब घेऊन हवालदार दाराबाहेर बसलेला, आणि आत मला विचारत होते, किती जण होते. तो कागद एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायला काय लागत होतं?

संविधानाचं 23 वं कलम माणसांच्या व्यापाराला मनाई करतं. 2018 मध्ये लोकसभेने मानवी तस्करीविरोधी विधेयक मंजूर केलं. त्यात जिल्हा समित्या होत्या, पुनर्वसन निधी होता. राज्यसभेत ते पुढे गेलं नाही आणि 2019 मध्ये बारगळलं. त्यासाठी कोणाचं मंत्रिपद गेलं का? आम्ही मतदार म्हणून मोजल्या जातो, साक्षीदार म्हणून बोलावल्या जातो, आणि साक्ष झाली की कोणत्याच खात्याच्या राहत नाही. परराज्यात साक्षीला गेले तेव्हा आरोपीचे भाऊ त्याच बाकावर येऊन बसले. 2018 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली होती. ती त्या व्हरांड्यात कुठे होती?

छाप्याच्या दिवसापासून प्रत्येक मुलीसाठी एक अधिकारी नेमा, नावानिशी. पोलीस, दवाखाना, वकील, वसतिगृह, बँक, सगळ्यांशी त्याने बोलायचं, तिने नाही. तिची ओळखपत्रं मुद्देमालातून सोडवायची जबाबदारीही त्याचीच. भरपाई आधारवाचून अडवू नका. आणि माझा अर्ज पुन्हा उघडा. उत्तर लेखी द्या, खाली कोणाची सही आहे ते मला बघायचंय.

आपली,
एक पीडिता
(नाव अर्जावर आहे)