टिप्याच्या केसांबाबत

बोरिवली,
9 जानेवारी

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून तुझ्या तीन फोनांना उत्तर दिले नाही. कंबर आहे तशीच आहे. लिहायला बसलो ते टिप्याच्या केसांसाठी, आणि कारण कळल्यावर तू मनसोक्त हसून घे.

कमरेमुळे दोन महिने मला खाली बसून या कुत्र्याला विंचरता आले नाही. परवा तो सारखा खाजवू लागला म्हणून हात घातला, तर कानांमागे आणि पुढच्या पायांच्या काखेत केसांचे गच्च गोळे झालेले, आणि त्यांच्या ओढीने खालची कातडी लालभडक. त्यात हिने त्याला आंघोळ घातली, तेव्हा ओले होऊन ते गोळे आणखीच आवळले. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, सरसकट मशीन मारू, अर्ध्या तासात मोकळा होईल.”

तुझा तो मे महिना आठवला. उकाड्याने बिचारा धापा टाकतो म्हणून तू त्याला चकोट करून आणलास आणि मी अण्णांसमोर तुला कसाई म्हणालो. शब्द चुकला, मुद्दा नव्हे. पॉमेरियनची खालची मऊ लोकर आणि वरचे राठ केस मिळून हवेचा थर धरून ठेवतात. त्याने थंडीत ऊब राहते आणि ऊनही थेट अंगाला भिडत नाही. घाम त्याला पंजांपुरताच येतो, त्यामुळे धापा त्याला टाकाव्याच लागतात. मुळापासून कापले की लोकर आधी वाढते, वरचे केस सावकाश आणि कधी ठिगळाठिगळाने येतात. त्याची पाठ भरायला दिवाळी उजाडली होती, आणि तोवर बंड्या त्याला ‘सोललेला नारळ’ म्हणत असे!

आता तीच मशीन माझ्यापुढे आहे. तू म्हणशील, मुंबईची थंडी ती केवढी! दुपारी 30 अंश असतातच. परंतु पहाटे पारा 17 पर्यंत उतरतो, आणि अकरा वर्षांचा हा म्हातारा गोधडी सोडून गॅलरीजवळच्या उघड्या लादीवरच झोपतो. सगळे केस काढले तर तो कुडकुडेल, आणि गोळे तसेच ठेवले तर आत ओल राहून कातडी चिघळेल.

काल रात्री स्टुलावर बसून, त्याला मांडीवर घेऊन, एका गोळ्यात कॉर्नफ्लॉवर चोळून तो बोटांनी सोडवत बसलो. पाऊण तासात अर्धा सुटला. कात्री मात्र लावली नाही, कारण गोळ्याबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि कापली जाते. तेव्हा काखेतले आणि कानांमागचे तेवढे गोळे मशीनने काढवून घ्यायचे, पाठीला हात लावू द्यायचा नाही, असे ठरवत आहे. पण त्या पोराने पाठीवरून मशीन फिरवलीच तर त्याला अडवायला माझ्याबरोबर कोणीतरी हवे.

वास्तुशांत झाली का? चिरंजीवांची दहावी कशी चालली आहे? वहिनींना नमस्कार सांग.

रविवारी दहाची वेळ घेतली आहे. येताना तुझा तो लोखंडी कंगवा आण. टिप्या तुझ्यावर अजून गुरगुरेल, त्याचे मनावर घेऊ नकोस.

तुझा,
विनू