तराफ्याला फटी हव्यातच

नाशिक,
18 फेब्रुवारी

प्रिय संज्या,

पत्र मिळालं, गंगापूर धरणात सोडायच्या तुमच्या बांबूच्या तराफ्याचा आराखडाही बघितला. बांबूंमधल्या फटी डांबराने बुजवायच्या, वर प्लायवूड ठोकायचं आणि कडेने वीतभर कठडा करायचा, असं तुझं म्हणणं. लेका, हा तराफा नव्हे, ही गळकी होडी झाली. होडी पाण्याला आत येऊ देत नाही म्हणून तरते. तराफा आलेलं पाणी तिथल्या तिथे खाली सोडतो म्हणून तरतो. कठड्यात साठलेलं घनमीटरभर पाणी म्हणजे एक टन वजन, तेही हिंदकळणारं. एका कडेला गेलं की सगळे पाण्यात.

तू पॅसिफिक पार करणाऱ्या कॉन-टिकी तराफ्याचा दाखला दिलास, तर त्याकडेच नीट बघ. 28 एप्रिल 1947 ला नॉर्वेचा थॉर हेयरडाल आणि पाच साथीदार पेरूच्या कायाओ बंदरातून निघाले आणि 101 दिवसांनी, 7 ऑगस्टला, पॉलिनेशिया या पॅसिफिकमधल्या बेटसमूहातल्या रारोइया बेटाच्या प्रवाळावर आदळले. अंतर सुमारे 7 हजार किलोमीटर. म्हणजे दिवसाला सत्तरेक किलोमीटर, नाशिकहून संगमनेर गाठायला अख्खा दिवस आणि अख्खी रात्र. तराफ्याखाली बाल्साचे नऊ ओंडके, प्रत्येक जवळजवळ 60 सेंटिमीटर जाड. सगळ्यात लांब, 13.7 मीटरचा, मधोमध आणि दोन्ही बाजूंना उतरत्या लांबीचे, म्हणजे पुढे आपोआप टोक येतं. त्यांच्यावर साधारण 90 सेंटिमीटरवर एक असे आडवे ओंडके, वर बांबूच्या चटया. मागून लाट चढायची आणि फटींतून खाली निघून जायची. उपसायला बादली लागली नाही.

बाल्सा हे आपल्या काटेसावरीच्या कुळातलं झाड. आता त्र्यंबक रोडला सावर फुलली असेल, तिचं लाकूड किती हलकं असतं ते तुला माहीत आहे, बाल्सा त्याहूनही हलका. पण गंमत अशी, की वाळवलेला बाल्सा हलका खरा, तरी पाणी भराभर पितो. म्हणून त्यांनी इक्वेडोरच्या जंगलात उभी झाडं तोडली आणि ओली असतानाच नदीतून खाली आणली. लाकडातल्या रसाने समुद्राचं पाणी आत शिरू दिलं नाही. बाहेरचा थर भिजला, गाभा शाबूत राहिला. वखारीतलं वाळकं लाकूड घेतलं असतं तर वाटेतच बुडाले असते.

आता दोराकडे येतो, कारण तुझी खरी चूक तिथे आहे. तू बांधायला जीआय तार लिहिली आहेस. कॉन-टिकीत लोखंडाचा खिळाही नव्हता, तारही नव्हती. बोटाहून जाड, 30 मिलिमीटरचा वाखाचा दोर, आणि त्याचे सुमारे 300 वेगवेगळे तुकडे. प्रत्येक तुकड्याची गाठ स्वतंत्र. एकच लांब दोर वळवत नेला असता तर एक जागा झिजली की सगळी बांधणी उसवली असती. ओंडके एकमेकांवर घासून पंधरा दिवसांत दोर कापतील, असं जाणकारांनी सांगितलं होतं. झालं उलटंच. बाल्सा मऊ, दोर लाकडात रुतून बसला आणि उघड्यावर घासायला राहिलाच नाही. तारेने तेच लाकूड करवतीसारखं कापलं असतं. तराफा लाटेवर सापासारखा वळतो, प्रत्येक ओंडका आपापला वर-खाली होतो. बांधणी त्याला तेवढी मोकळीक देणारी हवी.

बांबूचं गणित मात्र वेगळं, कारण बांबू कडक असतो आणि दोर त्यात रुतत नाही. 1993 साली दर्यावर्दी टिम सेव्हरिन बांबूच्या तराफ्यावरून आशियातून अमेरिकेकडे निघाले. बांबू वेताने बांधले होते. पॅसिफिकचा बहुतेक भाग पार झाला, पण वेताची बांधणी सुटत गेली आणि किनारा सुमारे 1,600 किलोमीटर राहिला असताना तराफा सोडून द्यावा लागला. तेव्हा प्रत्येक सांध्याखाली जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळ, वर दोर घे आणि रोज सकाळी गाठी चाचपून बघ. दोर भिजवून बांध. वाखाचा दोर ओला झाला की आखडतो, कोरडा बांधून पाण्यात नेलास तर नको तिथे कचकन आवळेल. बांबूला खिळा तर मुळीच नको. एक चीर गेली की त्या पेरात पाणी भरलं, ते पेर वजा.

मोजणी अशी. पेठ-सुरगाण्याकडचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो, काठीला उत्तम, तरंगायला कमी. पोकळ कळक बघ. 9 सेंटिमीटर जाडीचा, 5 मीटर लांबीचा बांबू पूर्ण बुडाला तर सुमारे 32 लिटर पाणी सारतो. काट्यावर तो 14 किलो भरला तर 18 किलो उचलेल. तुम्ही चौघे मिळून 280 किलो, सामान 40, म्हणजे 18 बांबूंनी तराफा पाण्याच्या पातळीला कसाबसा टेकेल. दुप्पट घे, 36, दोन थरांत. आडवे 6, त्यांना यात धरू नकोस. समुद्राचं पाणी धरणातल्यापेक्षा अडीच टक्के जास्त उचलतं, म्हणून तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावू नकोस.

सुकाणू म्हणून तू एकच वल्हं काढलं आहेस. वल्ह्याने चौकोनी तराफा वळत नाही, हात तेवढे दुखतात. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या लोकांची युक्ती म्हणजे ग्वारा, ओंडक्यांच्या फटीत उभी खुपसलेली फळी. पुढची फळी खाली दाबली की तोंड वाऱ्याकडे वळतं, मागची दाबली की वाऱ्यापासून दूर. बघ, फटी बुजवल्यास तर हेही गेलं. कॉन-टिकीवर या फळ्या होत्या, पण त्यांचा पुरता उपयोग त्यांना उशिरा उमगला. 2006 साली तांगारोआ नावाच्या तराफ्याने फळ्या आणि चांगलं शीड वापरून तोच प्रवास महिनाभर कमी वेळात केला. तुला 60 सेंटिमीटर रुंदीच्या चार फळ्या पुरतील.

पिण्याच्या पाण्याचं म्हणशील तर कॉन-टिकीवाल्यांनी 1,040 लिटर नेलं. सहा माणसं, 101 दिवस, म्हणजे माणशी दिवसाला पावणेदोन लिटरसुद्धा नाही. वर पावसाचं मिळालं ते. शिध्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना त्यांनी डांबर फासलं होतं. तुझं डांबर वाया जायला नको, ते तिथे लाव. रताळी होतीच. आपलं उपवासाचं रताळं मूळ मध्य किंवा दक्षिण अमेरिकेचं आणि युरोपियन लोक पोचायच्या आधीच पॉलिनेशियात लावलं जात होतं. हेयरडालचा मोठा सिद्धांत, की ती बेटं अमेरिकेकडून वसली, टिकला नाही. माणसं पश्चिमेकडून आली. पण दोन्हीकडच्या लोकांची गाठ पडली होती, हे 2020 साली जनुकांवरून दिसलं.

दोन धोके तुझ्या यादीत नाहीत. पहिला, माणूस पाण्यात पडणं. तराफा मागे फिरत नाही, वारा असेल तर पोहून गाठताही येत नाही. मागे 20 मीटर दोर कायम सोडलेला ठेव, टोकाला रिकामा कॅन बांधून. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यालाही. दुसरा, किनारा. कॉन-टिकीची माणसं शंभर दिवस भर समुद्रात सुखरूप होती. आधी दोन बेटं दिसली, दोन्हीकडे उतरता आलं नाही, प्रवाह पुढे घेऊन गेला. शेवटी तराफा मोडला तो प्रवाळावर, कमरेएवढ्या पाण्याजवळ. गंगापूरच्या बॅकवॉटरला दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा वाऱ्याकडच्या काठावरून निघायचं आणि समोरचा काठ दगडी आहे की गाळाचा, ते आधी चालत जाऊन बघायचं. परवानगीशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.

बांबूवाल्याला पाच मीटर सलग हवेत म्हणून आजच सांग, नाहीतर टेम्पोत मावावेत म्हणून तो मधोमध कापून आणतो. मागे बाहेर येतील त्यांना लाल फडकं बांधायला लाव. सायकल ट्यूब मी इकडे गोळा करतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या