गव्हातील गुल्लीडंडा
महोदय,
पंजाब-हरियाणात गव्हात माजणारे गुल्लीडंडा, म्हणजेच फॅलॅरिस मायनर, हे एकवर्षायू गवत कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. बुडाशी नखाने चिमटल्यावर लालसर रस आला, की ओळख पटते. आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारल्याने १९९०च्या दशकात ते त्याला दाद देईनासे झाले, तरीही नवे औषध हाच उपाय मानला जातो, याचे वाईट वाटते. याचे बी गव्हाच्या कापणीआधीच गळते आणि थंडी पडल्यावर उगवते. म्हणून ऑक्टोबरअखेरची पेरणी, नांगरटीविना भाताच्या पेंढ्यातच पेरा आणि मधूनमधून गव्हाऐवजी बरसीम हे चाऱ्याचे पीक यांवर भर द्यावा. बरसीमच्या वारंवार कापण्यांत हे तणही बी धरण्याआधीच कापले जाते.
– एक सेवानिवृत्त कृषी अधिकारी, पुणे